चेंडू माझ्याकडे येणार नव्हता

हार्लन स्टेट कॉलेज, मुलांचं वसतिगृह
बुधवार, २४ सप्टेंबर

प्रिय रेनीताई,

सप्रेम नमस्कार. तुझं कार्ड परवा पोचलं. इकडे सगळे बरे आहेत. तुझ्या पायांचे फोड आता फुटून बरे झाले असतील, अशी आशा करतो.

हाताने पत्र लिहायची माझी सातवीनंतरची ही पहिलीच वेळ. अक्षर लागलं नाही तर तुझ्या सार्जंटकडून वाचून घे, तो ओरडून वाचेल म्हणजे सगळ्या बराकीला ऐकू जाईल. लष्करात भरती झाल्यावर दहा आठवडे फोन काढून घेतात हे मला आधी कळलं असतं, तर मी तुला दारातच अडवलं असतं. तुझ्याशी बोलल्याशिवाय माझं डोकं चालत नाही, आणि आता मुद्दाम चालवावं लागतंय.

आधी घरची खबर. आई शाळेच्या स्वयंपाकघरात पुन्हा रुजू झाली. कंबर दुखते, पण ‘दुखते’ म्हणत नाही, ‘कुरकुरते’ म्हणते. लूशियसमामाने चर्चची व्हॅन दुरुस्त केली आणि दुसऱ्याच रविवारी ती पाद्रीबाबांसकट पुलावर बंद पडली. मामाचं म्हणणं, व्हॅन उत्तम आहे, पूल वाईट आहे.

टूली तुला आठवत असेल, माझ्या खोलीतला. ज्याने आईला विचारलं होतं, ‘तुम्ही थॅडच्या थोरल्या बहीण ना?’ आणि आईने त्याला गोड पेस्ट्रीचा तिसरा तुकडा वाढला होता. त्याचा गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली, कुबड्यांवर आहे. वाईट झालं. आमच्या या अमेरिकन फुटबॉलमध्ये असं होतं. असो.

आता माझं. ताई, मला खेळवत नाहीयेत. पहिल्या सामन्यात बावीस डाव मिळाले, दुसऱ्यात अकरा, आणि त्यानंतरच्या दोन सामन्यांत शून्य. मी पूर्ण पोशाख चढवून, डोळ्यांखाली काळं लावून, साठ मिनिटं कडेला उभा राहतो आणि तसाच कोरडा परत येतो. पोशाख धुवायला टाकायचीसुद्धा लाज वाटते.

मला कुठे घातलंय माहीत आहे? सोंगाड्यांत. म्हणजे दर आठवड्याला पुढच्या शनिवारी ज्यांच्याशी सामना आहे, त्यांचं सोंग घ्यायला एक वेगळा संघ असतो, आपल्या पहिल्या फळीला सराव मिळावा म्हणून. गेल्या आठवड्यात मी समोरच्यांचा सात नंबर होतो, या आठवड्यात एकोणीस. मी त्यांचे व्हिडिओ बघून त्यांची चालसुद्धा उचलतो. काल आमच्या सगळ्यात चांगल्या दोन पोरांना चकवून तीनदा चेंडू झेलला, एकदा तर एका हाताने. आणि कोच बॅस्कम म्हणाले, ‘शाब्बास, एकोणीस!’ एकोणीस! दोन वर्षं त्यांच्याकडे खेळतोय, आणि माझं नाव एकोणीस.

माझ्या जागी व्हीलर खेळतो. पहिल्या वर्षाचा पोरगा, मिसरूड अजून फुटतंय. शनिवारी त्याने हातात आलेले दोन चेंडू सोडले. माझ्या हातून सामन्यात शेवटचा चेंडू कधी सुटला ते मला आठवत नाही, आणि मला अशा गोष्टी चांगल्या आठवतात.

तू म्हणशील, नाचता येईना अंगण वाकडं. पण मला नाचता येतं हे जगात सगळ्यात आधी तुलाच कळलं होतं. चर्चच्या मागच्या मोकळ्या जागेत तू खांदा भरून येईपर्यंत चेंडू फेकायचीस आणि म्हणायचीस, ‘बारक्या, हात बघू नकोस, चेंडू बघ.’ बेल्स फेरी गावात तुझ्याइतका लांब चेंडू कुणी फेकत नव्हतं, पोरांतसुद्धा. तुला कुणी संघात घेतलं नाही. तेव्हा अंगण खरंच वाकडं होतं की नाही? मग माझंही असू शकतं.

म्हणून तुझ्याकडे एक काम आहे. आपल्या शाळेतला ड्वेन तिकडे टेनेसीत खेळतो. तो म्हणतो, हंगाम संपला की कॉलेज बदलणाऱ्या खेळाडूंच्या पोर्टलवर नाव टाक. एकदा तिथे नाव पडलं की दुसरं कॉलेज मला उचलू शकतं. त्यांना झेलणारे हवेत. मी जवळजवळ ठरवलंय. पण आई म्हणेल, आपल्यात सुरू केलेलं सोडत नाहीत. तू तिला चार ओळी लिही. तुझं ती ऐकते. लिही की कोच आपल्या लाडक्यांना खेळवतो आणि थॅडचं इथे वाटोळं होतंय. मामाला तर मी सांगितलंच आहे, तो पेटलाय.

जेवत जा. रायफल नीट धर.

तुझा हक्काचा,
थॅड


हार्लन स्टेट
रविवार, १९ ऑक्टोबर

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र मागच्या शुक्रवारी मिळालं, आणि उत्तराला इतके दिवस लागले कारण पहिले तीन दिवस मी तुझ्यावर रागावलो होतो आणि नंतरचे दिवस दुसऱ्या गोष्टींत गेले. इकडे तब्येती ठीक. अक्रोडासारख्या पेकानचे सडे पडायला लागलेत. आई पोत्यात भरून ठेवतेय, तू येशील तेव्हा त्याची पेस्ट्री करणार आहे.

तुझ्या पत्रात बुटांवर सहा ओळी होत्या, बराकीतल्या घोरणाऱ्या बाईवर चार, आणि शेवटी एवढंच: ‘सहा सप्टेंबरला मी आले होते. अगदी वरच्या रांगेत बसले होते, स्वस्तातलं तिकीट होतं. तिथून सगळं मैदान दिसतं. सगळे चेंडूकडे बघत होते. मी तुझ्याकडे बघत होते. आईला मी काही लिहिणार नाही.’

तू आली होतीस! आणि नंतर तीन दिवस घरात होतीस, तुझी पिशवी भरत होतीस, मी रविवारी रात्री फोनवर तुझ्याशी अर्धा तास बोललो, आणि तू अक्षर काढलं नाहीस. मी कोचला नावं ठेवत होतो आणि तू ‘हं’ म्हणत होतीस. मला वाटलं, माझ्या बाजूने ‘हं’ म्हणतेय. म्हणून मी चिडलो. चोर पकडला गेला की आधी पकडणाऱ्यावर चिडतो, तसा.

आता गुरुवारी काय झालं ते ऐक. दर गुरुवारी संध्याकाळी कोच बॅस्कम त्या माशांच्या खानावळीत बसून रेडिओवर बोलतात आणि अख्ख्या जिल्ह्यातले लोक त्यांना फोन करून अक्कल शिकवतात. मी खोलीत होतो. टूली पलंगावर, गुडघ्याखाली दोन उशा आणि वर बर्फाची पिशवी. तो हा कार्यक्रम चुकवत नाही, कारण त्याला लोकांच्या चौकशा ऐकायला मजा येते. दोन फोन झाले आणि तिसरा आवाज आला: ‘हॅलो, मी बेल्स फेरीहून बोलतोय. एक साधा चाहता. नाव लूशियस.’

मी रेडिओकडे धावलो, टूलीने कुबडी आडवी घातली. म्हणाला, ‘थांब रे, साधा चाहता काय म्हणतो बघू दे.’

मामा म्हणाला, ‘कोचसाहेब, तुमच्याकडे एक मुलगा आहे, थॅडियस मॅकरे. माझा त्याच्याशी काही संबंध नाही.’

‘बरं,’ कोच म्हणाले.

‘माझ्या बहिणीचा मुलगा आहे तो.’

खानावळीतले लोक हसलेले रेडिओवर ऐकू आले. मामा मात्र थांबला नाही. ‘त्या पोराच्या हातातून चेंडू सुटत नाही, साहेब. जन्मल्यापासून सुटलेला नाही. आणि तुम्ही त्याला कडेला उभा करून ठेवता. असले हात तुम्ही गोदामात ठेवायला नेलेत का आमच्या गावातून? त्याने तुमचं काय वाकडं केलं ते तरी सांगा. त्याच्या आईला सांगा. ती दर शनिवारी टीव्हीसमोर जेवणाचं ताट घेऊन बसते आणि तसंच उचलते.’

ताई, कोचना फक्त एक वाक्य बोलायचं होतं. सगळ्या राज्याला ऐकू गेलं असतं, मामाला, आईला, पाद्रीबाबांना, आणि फिरत फिरत ड्वेनच्या कोचनासुद्धा. आणि ते वाक्य खरं होतं. मी पलंगाचा लोखंडी दांडा धरून उभा होतो.

कोच म्हणाले, ‘मि. लूशियस, तुमचा भाचा मन लावून सराव करतोय. कोण खेळणार हे मी ठरवतो, तेव्हा राग माझ्यावर काढा. त्याच्या आईला माझा नमस्कार सांगा. पुढचा फोन.’

टूलीने रेडिओ बंद केला. पुढचा फोन ऐकायला तो थांबला नाही, असं पहिल्यांदाच झालं. तो म्हणाला, ‘तुझ्या घरी कुणाला माहीत नाही, होय ना?’

मी त्याच्या गुडघ्यावरची बर्फाची पिशवी सरळ केली.

‘तू सांग त्यांना, लेका. मला सांगायला लावू नकोस. मी सांगितलं तर लंगडा माणूस रडगाणं गातोय असं वाटेल.’ आणि त्याने तोंड भिंतीकडे केलं.

तर आता लिहितो. तू पाहिलं आहेस, पण मी अजून कधी सांगितलेलं नाही, आणि न सांगता ते माझ्यात कुजतंय.

दुसरा सामना, तिसरा टप्पा. डाव असा होता की टूली चेंडू घेऊन माझ्या बाजूने धावणार. माझ्याकडे चेंडू येणार नव्हता. माझं काम एकच, समोरच्या चोवीस नंबरला गाठायचं आणि त्याच्या छातीला छाती लावून दोन सेकंद अडवून धरायचं. दोन सेकंद. मी निघालो, तीन पावलं टाकली आणि सोडून दिलं. दमलो होतो म्हणून नाही. चेंडू माझ्याकडे येणार नव्हता म्हणून. त्याआधीच्या दोन डावांत मी मोकळा होतो आणि मला चेंडू दिला नव्हता, त्याचा राग डोक्यात होता. मी वळून बघत उभा राहिलो, पाहुण्यासारखा. चोवीस नंबर माझ्या अंगावरून गेला, त्याचा दंड माझ्या बाहीला घासला. टूलीचा पाय जमिनीत रोवलेला होता आणि चोवीस नंबर त्याच गुडघ्यावर आदळला.

आवाज आला. तुला वर ऐकू आला नसेल. आणि सगळ्यात वाईट सांगतो, टूली ओरडला तेव्हा मी त्याच्याकडे नाही बघितलं. मी पंचाकडे बघितलं, दंड पडतोय का ते.

टीव्हीवर हे दिसत नाही, कॅमेरा चेंडूच्या मागे असतो. घरी फक्त टूली पडलेला दिसला. आई म्हणाली, बिचारा. पण रविवारी संघाच्या व्हिडिओच्या खोलीत उंचावरून घेतलेला व्हिडिओ लागतो, त्यात बावीसच्या बावीस जण दिसतात. कोचनी तो डाव एकदाच लावला. एरवी चुकीचा डाव ते मागे-पुढे करून दहादा दाखवतात आणि चुकणाऱ्याची सालटी काढतात. या वेळी एकदाच. मग दिवा लावला आणि म्हणाले, ‘जा, जेवा.’ ऐंशी पोरं माझ्या अंगावरून बाहेर गेली, कुणी चकार शब्द काढला नाही. सोमवारी माझं नाव सोंगाड्यांच्या यादीत होतं. टूली तेव्हा इस्पितळात होता. नंतर त्याने तो व्हिडिओ मागवून बघितला, हे मला दुसऱ्याकडून कळलं.

म्हणजे अंगण सरळच होतं.

शुक्रवारी सकाळी मी कोचच्या खोलीत गेलो. ते सामन्याचे कागद लावत होते. वर न बघता म्हणाले, ‘मामाचा आवाज खणखणीत आहे तुझ्या. चर्चमध्ये गातात का?’

‘गातो. बेसूर. कोच, तुम्ही काल खरं का नाही सांगितलं?’

‘ते तुझं आहे. मी माझ्या पोरांच्या चुका रेडिओवर सांगत नाही.’

मी म्हणालो, ‘मला खेळायचंय.’

‘झेलणारे माझ्याकडे पाच आहेत. तू सगळ्यांत चांगला आहेस, मला दिसतं. पण मागे धावणारं पोर माझ्या भरवशावर धावतं, आणि मी कुणाच्या तरी भरवशावर त्याला पाठवतो. त्या बाजूला तुला उभा करताना माझा हात अडखळतो. काय करू सांग.’

‘मी काय करू ते सांगा.’

‘तुला माहीत आहे,’ ते म्हणाले, आणि कागदांकडे वळले.

माहीत आहे. सराव संपल्यावर मोठ्या अंगाची पोरं तो गादी लावलेला लोखंडी सांगाडा ढकलतात, कमरेतून, पाय बारीक टाकत. झेलणारे तिकडे फिरकत नाहीत, आम्हाला ते ओझेवाल्यांचं काम वाटतं. मी परवापासून त्यांच्या रांगेत उभा राहतो. पहिल्या दिवशी सांगाडा हललाच नाही. त्यांच्यातला एक जाड्या म्हणाला, ‘नृत्यांगना आल्या, बाजूला व्हा.’ मी हटलो नाही. खांदे आज इतके भरलेत की पेन धरवत नाही.

पुढच्या शनिवारी सामना नाही. घरी जाऊन मामाला आणि आईला तोंडावर सांगणार आहे. तू बजावलं नाहीस, तरी.

तू चिडायला हवं होतंस, ताई. नुसतं ‘हं’ म्हणून गेलीस, ते जास्त लागलं.

तुझा,
थॅड


हार्लन स्टेट
सोमवार, १७ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. तुझी दोन्ही पत्रं मिळाली. नेमबाजीत पहिली आलीस हे वाचून मी वाचनालयात ओरडलो आणि बाहेर काढला गेलो. ज्या खांद्याने माझ्यासाठी इतके चेंडू फेकले त्याला रायफल म्हणजे काय! हे पत्र पोचेपर्यंत तुला फोन परत मिळालेला असेल, पण फोनवर मी पुन्हा इकडचं तिकडचं बोलेन. म्हणून लिहितो.

घरी सांगितलं. रविवारी चर्चहून आल्यावर, मागच्या ओट्यावर. मामा उकडलेल्या शेंगा सोलत होता. मी सुरू केलं तेव्हा त्याचे हात चालू होते, चोवीस नंबरपाशी आलो तेव्हा थांबले. आई उठली आणि आत गेली. मला वाटलं रागावली. ती टूलीसाठी डबा भरायला गेली होती. भरून आणला, माझ्या मांडीवर आपटला आणि म्हणाली, ‘त्या पोराने माझ्या हातचं खाल्लंय, थॅडियस. माझ्या टेबलावर बसून.’ एवढंच. पूर्ण नाव घेतलं की काय असतं, तुला ठाऊक आहे.

मामा रात्री जेवला नाही. मला म्हणाला, ‘मी सगळ्या राज्यासमोर त्या माणसाला जाब विचारला, आणि त्याने मला झाकलं.’ मी म्हणालो, मला झाकलं. तो म्हणाला, ‘गप्प बस, मला झाकलं.’

आणि गुरुवारी त्याने पुन्हा रेडिओवर फोन लावला! मी आणि टूली आईच्याच डब्यातलं उरलेलं खात होतो. ‘मी बेल्स फेरीहून लूशियस. त्या दिवशी मी बोललो ते परत घेतो. घरात चौकशी न करता बोललो. आमच्या पोराला तुम्ही खेळवा किंवा खेळवू नका.’ का, ते सांगितलं नाही. कोच म्हणाले, ‘व्हॅन कशी आहे, मि. लूशियस?’ म्हणजे कोचनी मधल्या काळात कुठूनतरी चौकशी केली होती. मामा दहा मिनिटं व्हॅनवर बोलला, त्यांना जाहिरात लावावी लागली.

तुला वाटेल, मग काय, आता थॅडला खेळवलं. नाही. पहिल्या तारखेला नाही, आठ तारखेलाही नाही. मी रोज सांगाडा ढकलत होतो, सोंगाड्यांत रोज कुणाचं तरी सोंग घेत होतो आणि डाव धावायचा असला की समोर येईल त्याला अडवत होतो, सोंगाड्याला त्याचं कुणी विचारत नसताना. व्हीलरला चेंडू झेलताना कोपर आत घ्यायला मी शिकवलं. खोटं कशाला सांगू, मनातून त्याने सोडावा असंही वाटायचं. आठ तारखेच्या सामन्यानंतर मी स्नानघरात जाऊन भिंतीवर बुक्की मारली. इतकं करूनही नाही? मग वाटलं, टूलीनेही काही वाकडं केलं नव्हतं, त्याला काय मिळालं? आणि सोमवारी पुन्हा सांगाड्याच्या रांगेत उभा राहिलो. जाड्याने जागा करून दिली. आता तो मला नृत्यांगना म्हणत नाही, बाई म्हणतो. बढती समजायची.

परवाच्या शनिवारी, दुसऱ्या टप्प्यात, कोचनी न बघता माझ्या शिरस्त्राणाची जाळी धरून मला ओढलं. ‘उजवी बाजू. टिकवून धर.’ मी आत धावलो. एकोणीस डाव खेळलो. चौदा धावण्याचे, म्हणजे चेंडू माझ्याकडे येणारच नव्हता. एकदा आला. अकरा यार्ड, झेलला. आई टीव्हीसमोर किंचाळली म्हणे, कारण मी तिला तेवढाच दिसलो.

पण मला सांगायचाय तो चौथ्या टप्प्यातला डाव. टूलीच्या जागी आता डार्नेल नावाचा पोरगा धावतो, अठरा वर्षांचा, अंगाने काडी. डाव माझ्या बाजूने. समोर एकतीस नंबर, माझ्यापेक्षा वीस किलो जास्त. मी त्याच्या छातीत शिरलो आणि पाय बारीक टाकत राहिलो. तो मला शिव्या देत होता, माझ्या बरगड्यांत काहीतरी चिरडत होतं. मागून डार्नेलच्या बुटांचा आवाज येत होता. तो माझ्या पाठीला घासून गेला, ताई, इतका जवळून. मी तेव्हाही सोडलं नाही. शिट्टी झाली तरी सोडलं नाही, पंचाने येऊन सोडवलं. डार्नेल थेट रेषेपलीकडे. टचडाउन. सगळे त्याच्याकडे धावले. मी आधी डार्नेल उठला का ते बघितलं. उठला होता, नाचत होता.

कोचनी काही म्हटलं नाही. रविवारी व्हिडिओच्या खोलीत तो डाव लावला, एकदाच, आणि म्हणाले, ‘जा, जेवा.’ पोरांनी जाता जाता माझ्या टाळक्यात टपला मारल्या. ऐंशी टपला. मान अजून दुखतेय.

आता शेवटचं. हे लिहायला मी पाच पानं घेतली.

दहा आठवडे मी टूलीचं सगळं केलं. ताट आणलं, दप्तर उचललं, आंघोळीच्या वेळी प्लास्टिक बांधलं, सकाळी त्याचे मोजे चढवले. एक शब्द तेवढा काढला नाही. रविवारी जेवून आलो, तो पलंगावर बसला होता, मी मोजा हातात घेऊन खाली बसलो आणि म्हणालो, ‘टूली, माझ्यामुळे झालं. मला माफ कर.’

तो म्हणाला, ‘मला वाटलं होतं हा मोजे चढवता चढवता म्हातारा होणार, पण बोलणार नाही.’ मी हसलो. तो हसला नाही. म्हणाला, ‘नाही.’

‘काय नाही?’

‘माफ केलं नाही. अजून नाही. आणि दुसरं, तू ड्वेनशी फोनवर बोलतोस तेव्हा मी झोपलोय असं धरून चालू नकोस. आपण एकाच खोलीत राहतो. टेनेसी, ना? मला मोडून तू टेनेसीला जाणार?’

मी हातातला मोजा उलगडत राहिलो.

‘डॉक्टर म्हणतात ऑगस्टमध्ये धावता येईल. ‘कदाचित’ म्हणतात, पण मी तो शब्द ऐकत नाही. मी धावणार आहे. उजव्या बाजूने. तिथे पुढे कोण आहे ते तेव्हा बघीन, मग तुझ्या माफीचं बोलू. आता मोजा घाल, पाय गार पडलाय.’

मी मोजा घातला. मग बाहेर जिन्यात जाऊन रडलो, ते तुलाच सांगतो, मामाला सांगू नकोस. आल्यावर ड्वेनला फोन लावला, टूलीच्या समोर, आणि सांगितलं की माझं नाव पोर्टलवर पडणार नाही. ड्वेन म्हणाला, तिथे तुला चेंडू मिळेल याची खात्री आहे का? मी म्हणालो, नाही.

पुढच्या वर्षी कोच मला किती डाव देतील मला माहीत नाही. टूलीचा गुडघा टिकेल की नाही तेही माहीत नाही. उद्या सकाळी सहाला तो व्यायामशाळेत सायकलवर पाय हलवणार आहे, आणि मी त्याला तिथे घेऊन जाणार आहे. परवाही. ऑगस्टपर्यंत रोज. त्याने मला माफ केलं नाही तरी.

तुझा भाऊ, जो कुठेही जात नाही,
थॅडियस